मागं बसणाऱ्यानं बोलायचं नाही

नियम माझाच आहे. मीच तो आमच्या गटात आणला आणि मोडणाऱ्यावर मीच खेकसते. ज्यानं प्रकरण लिहिलंय त्यानं वाचणाऱ्याच्या मागं खुर्ची टाकून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. वाचणारा चुकला, अडकला, रडकुंडीला आला तरी हूं नाही की चूं नाही. फार तर एकच प्रश्न विचारायचा, "आत्ता मनात काय चाललंय?" तो हवा तर पुन्हा विचारावा, पण दुसरा नाही. कारण लोक आपलं पान घरी बसून वाचतात तेव्हा आपण त्यांच्या मागं उभे नसतो.

आमचं काम असं की, 'बँक्सिया' म्हणून वेबसाइट बांधायचा एक तयार सांगाडा आहे. फुकट मिळतो, कुणा एकाच्या मालकीचा नाही, जगभरचे लोक आपापल्या वेळात त्याला हातभार लावतात. त्यात कोड लिहिणारे पुष्कळ. तो वापरायचा कसा हे नीट लिहिणारे, लिहिलेलं तपासणारे, जुनं झालेलं दुरुस्त करणारे आम्ही मूठभर. कोडवाल्यांना टाळ्या मिळतात, आम्हाला तक्रारी मिळतात. मिळू देत. पहिलं प्रकरण माझं आहे. पृथ्वीच्या पाठीवर कुणीही बँक्सिया शिकायला बसलं की पहिल्यांदा माझंच लिहिलेलं वाचतं, आणि मला त्याचा अभिमान आहे. लपवायचं कशाला?

आता घरचं थोडं सांगते. डॅरिल, माझा नवरा, आयुष्यभर पाणबुड्या. समुद्रात तळाशी जाऊन खडकांना चिकटलेले ॲबलोनी शिंपले सोडवून आणायचे, हा त्याचा धंदा. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरनं त्याच्या खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांचे फोटो पुढं ठेवले आणि सांगितलं की आता पाण्याखाली उतरलास तर पुढं काठी घेऊन चालशील. तेव्हापासून गडी घरात. घरी बसलेला पाणबुड्या म्हणजे काय ते मला विचारा. शेड झाडून झाली, बोट विकून झाली, शेजाऱ्यांची सफरचंदं उतरवून झाली. मग नुसता खिडकीशी उभा राहून खाडीकडं बघत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

दोन कामं चालून आली. एक त्याच्या मावसभावानं, ट्रेव्हरनं आणलेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात लोखंडाच्या खाणीवर घराएवढाले ट्रक चालवायचे. आठवडेच्या आठवडे तिकडं, मग विमानानं चार दिवस घरी, की परत तिकडं. देशाच्या पार त्या टोकाला. दुसरं काम इथलंच, बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या ऑफिसात. गाड्यांचं बुकिंग बघायचं, लोकांशी बोलायचं. तिथली मॅनेजर जोन त्याला म्हणाली, "लोकांशी बोलायला तुझ्यासारखा माणूस मला मिळायचा नाही, डॅरिल. पण बुकिंगची साइट रुसली तर तिला हात लावता आला पाहिजे. ती बँक्सियात बांधलीय. निदान सुरुवातीचं तरी शिकून ये."

त्यावर डॅरिलनं स्वतःलाच अट घातली. पहिलं प्रकरण कुणाला न विचारता पार झालं तर फेरी. नाही तर खाण. "ज्या कामात उठसूट दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं ते काम मला नको," म्हणाला.

"अरे, पण ते प्रकरण जिनं लिहिलं ती तुझ्या घरात बसलीय!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

त्याचंही खरं होतं. मी एकदा शिकवायला बसले होते. चहा निवायच्या आत माझा आवाज चढला, तो उठून कुत्र्याला फिरवायला गेला आणि विषय मिटला. पुन्हा त्यानं काढला नाही, मीही नाही. मला वाटत होतं की अजून त्यानं सुरुवातही केली नसेल. ट्रेव्हरला शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. डॅरिलनं जाऊ नये असं मला वाटत होतं. पण त्याच्या अटीत मी बोट घातलं असतं तर तो त्याच संध्याकाळी बॅग भरायला लागला असता. त्या माणसाला मी ओळखते.

आणि नेमका त्याच शनिवारी आमचा वाचनाचा दिवस होता. आमच्या गावातल्या, सिग्नेटच्या लायब्ररीमागचा हॉल आम्ही घेतो, कधी कोड न लिहिलेल्या गावातल्या लोकांना बोलावतो, त्यांना लॅपटॉप देतो, चहा, क्रीम लावलेले स्कोन, लॅमिंग्टन केक देतो आणि म्हणतो, वाचा आणि करा. मी पोचले तेव्हा केल्विन दारातच होता. केल्विन औयांग, होबार्टचा, पानांची निम्मी जबाबदारी त्याच्यावर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि वीसपट शांत.

"तिघं आलेत वाचायला, रोवेना," तो म्हणाला. "बेकरीवाल्या बाई आहेत, त्या मी घेतो. शाळेतले संगीताचे मास्तर आहेत, ते आपल्या टेसाकडं. तुझ्या प्रकरणाला एक रिटायर्ड गृहस्थ. आडनाव तुझंच आहे. म्हटलं, इकडं बरेच असतील."

आत गेले तर खिडकीशेजारच्या टेबलावर डॅरिल. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात स्कोन, मिशीला क्रीम.

"तू इथं काय करतोयस?"

"वाचायला आलोय. फोन करून रीतसर नाव दिलं. इथं मागं बसणाऱ्यानं बोलायचं नसतं म्हणे."

"अरे पण..."

"केल्विन," डॅरिल मोठ्यानं म्हणाला, "ही बोलतेय बघ!"

संगीताचे मास्तर हसले. केल्विनला आत्ता कुठं उजेड पडला. तो माझ्याकडं आणि डॅरिलकडं आळीपाळीनं बघत म्हणाला, "हवं तर मी अदलाबदल करतो." पण ज्याचं प्रकरण त्यानंच मागं बसायचं, हेही माझंच. मी मुकाट्यानं खुर्ची ओढली.

डॅरिल वाचायला लागला. बाकीचे लोक पानावरून नजर फिरवतात, हा शब्दन् शब्द वाचत होता. अगदी तळाची बारीक अक्षरातली परवान्याची ओळसुद्धा, जी मी स्वतः आजवर नीट वाचलेली नाही. दोन बोटांनी टाइप करायचा, एन्टर दाबायच्या आधी अक्षर न् अक्षर पानाशी ताडून बघायचा. बँक्सिया लॅपटॉपवर उतरवून झालं. नव्या साइटचा फोल्डर तयार झाला. मागं बसून माझी छाती फुगत होती. किती नीट लिहिलंय बाई मी, असं मनात येऊन गेलं.

मग सर्व्हर, म्हणजे साइट चालती ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करायची पायरी आली. कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडी होतीच. त्यानं कमांड दिली. खिडकीत ओळ उमटली, 'सर्व्हर सुरू आहे', आणि खाली ती छोटी रेघ लुकलुकत राहिली. डॅरिलनं हात उचलले, छातीशी बांधले आणि खुर्चीला टेकला.

मला वाटलं पुढची पायरी वाचतोय. वाचून झाली असेल असं वाटलं तरी हात बांधलेलेच. बेकरीवाल्या बाई त्यांच्या प्रकरणात पुढं निघून गेल्या, मास्तरांनी काहीतरी बिघडवून दुरुस्तही केलं. हा आपला रेघेकडं बघत बसलेला. एक लॅमिंग्टन खाल्ला. बोटं रुमालाला पुसली. परत हात बांधले.

आणि मग माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. कर्म माझं! हा सर्व्हरचं काम संपायची वाट बघतोय.

ते संपत नसतं. सर्व्हर एकदा सुरू केला की आपण बंद करेपर्यंत तो चालूच राहतो, ती खिडकी तो अडवूनच बसतो. पुढची कमांड द्यायला दुसरी खिडकी उघडायची असते. आमच्यातलं कुणीही ते न बघता करतं, चालताना दुसरं पाऊल टाकावं तसं. आणि म्हणूनच माझ्या पानावर ते कुठंच नव्हतं. 'सर्व्हर सुरू करा.' त्याच्या खाली लगेच, 'आता ही कमांड द्या.' कुठं द्या? डोंबल! कोण जाणे किती देशांतली किती माणसं माझं पान पुढ्यात घेऊन अशी हात बांधून बसली असतील आणि शेवटी आपल्यालाच मठ्ठ म्हणून उठून गेली असतील.

दोन शब्द. दोन शब्द बोलले असते तर झालं असतं. मी खोकले. केल्विननं लांबून डोळे वटारले. नियम तर होताच, पण नियमाचं मी बघून घेतलं असतं. डॅरिलची अट होती ना! मी सांगितलं असतं तर ते कुणाला न विचारता झालं नसतं, आणि संध्याकाळी ट्रेव्हरला हो गेलं असतं. बोलले तरी गेला, नाही बोलले तरी गेला, अशी माझी गत.

शेवटी तो एकच प्रश्न होता, तो विचारला. दात आवळून.

"आत्ता मनात काय चाललंय?"

"काही नाही," डॅरिल म्हणाला. "त्याचं काम चाललंय. होऊ दे निवांत."

हॉलमधली चहाची किटली दुसऱ्यांदा उकळली. मी परत विचारलं, "आत्ता मनात काय चाललंय?"

आता तो पडद्याकडं बघतच बोलला. "घरी पण मी इथंवर येतो. तू मीटिंगमध्ये असतेस ना, तेव्हा करत होतो. इथंवर सगळं बरोबर होतं, मग हे असं चालू राहतं. मला वाटलं आपला लॅपटॉप म्हातारा झालाय. म्हणून इथं आलो, म्हटलं इथली मशिनं बरी असतील. पण तसं नाही दिसत. मीच काहीतरी चुकवतोय."

मी ओठ चावत बसले.

"दुसरं काही दाबून बघावंसं वाटतं," तो पुढं म्हणाला, "पण कुणाचं काम चालू असताना मध्येमध्ये करू नये, एवढं मी आपल्या घरात शिकलोय. तू टेबलाशी असलीस की मी किटलीसुद्धा लावत नाही. शिट्टी होते. मग तू..." आणि त्यानं वाक्य सोडून दिलं.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी दिलं असतं उत्तर. हवापाण्यावर बोलावं तसं बोलला. विचारलं म्हणून मनात चाललेलं सांगत होता, बस्स. मला इतकं वाईट वाटलं की कानशिलं तापली. किटली लावत नाही! आणि मी समजत होते की त्याचा चहाच कमी झालाय.

डॅरिलनं घड्याळाकडं पाहिलं. "हे आपलं काम नव्हे, रो," म्हणाला. "ट्रेव्हर आता घरी असेल. त्याला कळवून टाकतो." आणि खिशातून फोन काढला.

मी उठले, थेट केल्विनला दंडाला धरून मागच्या स्वयंपाकघरात नेलं. "त्याला दहा मिनिटं बसवून ठेव. काय वाटेल ते सांग. मी पान दुरुस्त करतेय."

"आत्ता?"

"आत्ता. दुसरी खिडकी उघडा, असं लिहिलेलंच नाही तिथं!"

केल्विन म्हणाला, "पण ते सगळ्यांना माहीत असतं."

"तो बघ," मी म्हणाले, "तुझे ते सगळे तिथं बसलेत, मिशीला क्रीम लावून."

"रोवेना, पहिलं प्रकरण आहे ते. बदल सुचवला की लोकांना हरकत घ्यायला आठवडाभर द्यायचा असतो. अठ्ठावीस भाषांत भाषांतर झालंय. एक वाक्य वाढलं की अठ्ठावीस जणांना कामाला लावायचं."

"लाव. आठवडाभर काय, महिनाभर भांडते मी त्यांच्याशी. पण बदल सुचवला की तपासायची प्रत लगेच तयार होते ना? ती याच्या लॅपटॉपवर उघडायची. तपासायलाच तर बोलावलंय लोकांना."

"त्याच वाचकाला परत?"

"का, घरी अडकलेल्या माणसाला आपण वाचक बदलून देतो का?"

केल्विन हसला. हसला म्हणजे मानलं, हे मला ठाऊक. तो बाहेर गेला आणि मला ऐकू आलं, "डॅरिल, फोन जरा थांबव ना. मशीन चालू राहू दे. सुधारलेलं पान येतंय, तेवढं बघून दे मला, उपकार होतील." कुणाला मदत हवी म्हटलं की डॅरिलला नाही म्हणता येत नाही. फोन खिशात गेला.

मी ओट्यावर, स्कोनच्या चुऱ्यात लॅपटॉप ठेवून लिहिलं. लिहून पाठवलं, आणि लगेच लाल खूण घेऊन परत आलं. आमच्याकडं एक तपासनीस प्रोग्रॅम आहे. पानात 'फक्त', 'सोपं', 'साहजिकच' असला शब्द दिसला की तो पान घेतच नाही, कारण अडकलेल्या माणसाला 'हे तर सोपं आहे' म्हणण्यासारखा दुष्टपणा नाही. मी घाईत लिहून बसले होते, 'फक्त दुसरी खिडकी उघडा.' तो तपासनीस बसवायला मीच सगळ्यांशी भांडले होते. त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, शब्द काढला, परत पाठवलं. केल्विननं तपासायची प्रत तयार करून डॅरिलच्या लॅपटॉपवर उघडून दिली.

मी जागेवर येऊन बसले. डॅरिलनं चष्मा पुसून नवं पान मोठ्यानं वाचलं.

"'सर्व्हर आता चालू राहील. तो आपण होऊन थांबणार नाही, त्याची वाट पाहू नका. त्याला तसाच चालू ठेवा आणि दुसरी खिडकी उघडा. पुढची कमांड त्या खिडकीत द्या.'"

तो थांबला. परत वाचलं, या वेळी मनात.

"म्हणजे थांबायचं नव्हतंच?" तो म्हणाला. कुणालाच नाही, स्वतःशी. मी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली.

त्यानं दुसरी खिडकी उघडली. कमांड दिली. झाली. पुढची दिली, तीही झाली. मग ब्राउझर उघडला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'माझं पहिलं पान'. डॅरिलनं पत्ता पुसला, परत टाइप केला, पान परत आलं. मग परत एकदा. बेकरीवाल्या बाई वाकून बघून म्हणाल्या, "माझ्यापेक्षा छान आलंय हो तुमचं." सगळ्यांचं सारखंच येतं ते, पण डॅरिलचे कान लाल झाले.

प्रकरणाचा शेवटचा भाग राहिला होता. पानावर आपलं नाव आणायचं, चार ओळींचा मामला. त्यानं ओळी लिहिल्या, जपून ठेवल्या, पान पुन्हा उघडलं आणि पडदा लाल अक्षरांनी भरला. त्यानं ती वाचली. वरून खाली, मग खालून वर. मला चूक बसल्या जागेवरून दिसत होती, तिसऱ्या ओळीत कंस बंद करायचा राहिला होता.

डॅरिलनं मान वळवली.

"रो, हे लाल काय म्हणतंय?"

मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

"रो. तुला विचारतोय."

मी मान हलवली आणि तोंडावर हात ठेवला. इथपर्यंत आला होता, शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. मी बोलले की अट मोडली. मोडली की खाण. कर की रे बाबा स्वतः, दिसेल तुला, तिसऱ्या ओळीत बघ, असं मी त्याला डोळ्यांनी सांगत होते. डोळ्यांनी कंस कसा दाखवणार?

केल्विन, टेसा, मास्तर, सगळे आमच्याकडं बघत होते. डॅरिलनं खुर्ची पूर्ण माझ्याकडं फिरवली.

"अगं, अट माझी होती ना? मीच घातली, मीच मोडतोय. सोमवारी जोनच्या ऑफिसात असलं लाल काही आलं तर मी कुणाला विचारणार? तुलाच ना? मग आज विचारून बघतो. जमतंय का बघू तुला."

त्याचं बोलणं माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. सोमवारी, म्हणाला होता. जोनच्या ऑफिसात.

"तिसरी ओळ," मी म्हणाले. "कंस उघडलायस, बंद केला नाहीस."

त्यानं बघितलं. कंस टाकला. पान पुन्हा उघडलं, आणि त्याचं नाव आलं. मग तो माझ्याकडं बघतच राहिला.

"ओरडली नाहीस," तो म्हणाला.

"बाहेर जाऊन आधी ट्रेव्हरला नाही म्हणून सांग," मी म्हणाले. "मग ओरडते."